‘समुद्र सुरक्षा’ : एका सहायक नौकेचा तपशील आणि ठावठिकाणा

‘समुद्र सुरक्षा’ ही तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या, म्हणजेच ओएनजीसीच्या, मालकीची बहुउद्देशीय सहायक नौका होती. १९८०च्या दशकाच्या आरंभी बांधलेली ही नौका मुंबई हाय तेलक्षेत्रात पाणबुड्यांच्या कामांसाठी वापरली जाई. २७ जुलै २००५ रोजी ‘मुंबई हाय नॉर्थ’ या प्लॅटफॉर्मवर ती आदळली. या धडकेतून लागलेल्या आगीत प्लॅटफॉर्म दोन तासांत कोसळला आणि २२ जणांचे प्राण गेले. जळालेली नौका १ ऑगस्ट २००५ रोजी मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १८ किलोमीटरवर बुडाली.

भारतीय समुद्रातील तेलउद्योगाच्या इतिहासात या नौकेचे नाव कायमचे नोंदले गेले आहे. तिची लांबी, तिचे थ्रस्टर, मागच्या बाजूचे हेलिपॅड, तिच्यावरील पाणबुड्यांच्या दाबकोठड्या या साऱ्या बाबी एरवी तपशीलपत्रकातील कोरड्या ओळी ठरल्या असत्या. त्या दिवशी यांतील प्रत्येक ओळीचा संबंध कोणाच्या ना कोणाच्या जिवाशी आला. अशा नौकांवर आणि प्लॅटफॉर्मवर आज गोमंतकीय तारवटी काम करतात, कोकणातले आणि सीमाभागातले तरुणही करतात. हे तपशील कसे वाचावेत आणि एखादी नौका या क्षणी कुठे आहे हे कसे शोधावे, हे त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक असणे इष्ट.

तेलक्षेत्रातील नौकांचे प्रकार

समुद्रातील प्लॅटफॉर्म हे एक लहानसे गावच असते, पण या गावात काहीही पिकत नाही. अन्नधान्य, पिण्याचे पाणी, डिझेल, सिमेंट, विहीर खोदताना लागणारी बॅराइट आणि बेंटोनाइटची पूड, लोखंडी नळ, यंत्रांचे सुटे भाग हे सारे किनाऱ्यावरून न्यावे लागते आणि कचरा व निकामी सामान परत आणावे लागते. ही ने-आण करणाऱ्या नौकांना पुरवठा नौका म्हणतात. त्यांची घडण सहज ओळखू येते. निवासी मजले आणि सुकाणूकक्ष नाळेकडे गोळा केलेले असतात आणि त्यांच्या मागे वरवंडीपर्यंत लांब, सपाट, उघडा डेक असतो. नळ आणि कंटेनर डेकवर राहतात. पाणी, इंधन आणि पूड मात्र डेकखालच्या टाक्यांतून जाते व पंपाने किंवा हवेच्या दाबाने नळीवाटे प्लॅटफॉर्मवर चढवली जाते.

दुसरा प्रकार नांगर हाताळणाऱ्या टगांचा. तरंगत्या रिगचे व बार्जचे अवजड नांगर टाकणे, उचलणे आणि रिग एका जागेहून दुसरीकडे ओढून नेणे हे त्यांचे काम. त्यांच्या तपशीलात सर्वांत मोलाचा आकडा असतो ओढशक्तीचा, आणि तो टनांत देतात.

तिसरा प्रकार बहुउद्देशीय सहायक नौकांचा. या आकाराने मोठ्या असतात. पाण्याखालील वाहिन्यांची तपासणी व दुरुस्ती, पाणबुड्यांना आधार, आग विझवणे, प्रसंगी माणसांची सुटका अशी अनेक कामे त्या करतात. ‘समुद्र सुरक्षा’ याच वर्गातली होती.

नौकेचा तपशील

मालकी : ओएनजीसी. परिचालन : भारतीय नौवहन महामंडळ.
प्रकार : बहुउद्देशीय सहायक नौका.
लांबी : सुमारे १०० मीटर.
मुख्य काम : तेलक्षेत्रातील पाणबुड्यांच्या कामांना आधार.
विशेष सोयी : संगणकाच्या साहाय्याने चालणारे फिरते थ्रस्टर, हेलिपॅड, पाणबुड्यांच्या दाबकोठड्या.
कार्यक्षेत्र : मुंबई हाय.
शेवटची नोंद : १ ऑगस्ट २००५ रोजी मुंबईजवळ समुद्रात बुडाली.

यांतील तीन बाबी नीट समजून घ्यायला हव्यात.

पहिली बाब थ्रस्टरची. साध्या जहाजाचा पंखा मागे बसवलेला असतो आणि दिशा सुकाणूने बदलावी लागते. फिरत्या थ्रस्टरमध्ये पंखाच उभ्या अक्षाभोवती पूर्ण फिरतो, त्यामुळे हवा त्या दिशेने जोर लावता येतो. अशा थ्रस्टरांना संगणकाची जोड दिली की वारा, लाटा आणि प्रवाह यांचा अंदाज घेत नौका नांगर न टाकता एका जागी उभी राहू शकते. समुद्रतळावर वाहिन्यांचे जाळे असलेल्या भागात नांगर टाकणे धोक्याचे असते, म्हणून या सोयीला मोठे महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९४ साली अशा यंत्रणांचे तीन वर्ग ठरवले. पहिल्या वर्गात एक बिघाडही नौकेला जागेवरून हलवू शकतो. दुसऱ्या वर्गात एखादे चालते यंत्र बंद पडले तरी नौका जागा सोडत नाही. तिसऱ्या वर्गात एखाद्या कक्षात आग लागली किंवा पाणी शिरले तरीही ती जागेवर टिकते. ‘समुद्र सुरक्षा’ या वर्गवारीच्या दशकभर आधीची.

दुसरी बाब दाबकोठड्यांची. खोल पाण्यात दीर्घकाळ काम करणाऱ्या पाणबुड्यांना दिवसेंदिवस पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाखाली ठेवतात. ते नौकेवरील बंद कोठडीत राहतात, तिथेच जेवतात व झोपतात आणि दाबाखालच्याच घंटेच्या आकाराच्या पिंजऱ्यातून समुद्रतळाशी उतरतात. काम संपल्यावर दाब हळूहळू कमी करावा लागतो आणि त्यात काही दिवस जातात. दार एकदम उघडले तर रक्तात आणि ऊतींत मुरलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि माणूस दगावतो. नौकेवर आग लागली तर सगळे लाईफबोटीकडे धावतात. कोठडीतल्या पाणबुड्याला ती वाट बंद असते.

तिसरी बाब लांबीची. शंभर मीटरची नौका आणि साठ-सत्तर मीटरची पुरवठा नौका यांच्या वजनात मोठी तफावत असते, आणि तेवढीच तफावत धडकेच्या जोरात पडते. पुढे घडलेल्या प्रसंगात ही तफावत निर्णायक ठरली.

मुंबई हाय नॉर्थ

मुंबई हायमध्ये तेल सापडले ते फेब्रुवारी १९७४ मध्ये, ‘सागर सम्राट’ या रिगने केलेल्या खोदकामात. १९७६ साली उत्पादन सुरू झाले. क्षेत्राच्या उत्तर भागात, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, पुलांनी जोडलेला चार प्लॅटफॉर्मचा संकुल उभा होता. १९७६ मधला लहान विहीर-प्लॅटफॉर्म, १९७८ मधला निवासी प्लॅटफॉर्म, १९८१ मधला ‘नॉर्थ’ हा प्रक्रिया प्लॅटफॉर्म आणि त्यानंतरचा आणखी एक प्रक्रिया प्लॅटफॉर्म अशी त्याची रचना होती. आसपासच्या विहिरींचे तेल व वायू येथे येत आणि प्रक्रियेनंतर समुद्रतळावरील वाहिन्यांतून किनाऱ्याकडे जात. या संकुलातून रोज सुमारे ८० हजार बॅरल तेल हाताळले जाई.

समुद्रतळावरची वाहिनी प्लॅटफॉर्मच्या पायांलगत उभी वर चढते. या उभ्या भागाला रायझर म्हणतात. यांतल्या काही रायझरांत उच्च दाबाचा वायू असतो. ‘नॉर्थ’चे काही रायझर लोखंडी सांगाड्याच्या बाहेरच्या बाजूने होते आणि नौका जिथे माल देण्यासाठी लागतात त्या जागेजवळ होते. त्यांच्याभोवती संरक्षक कठडे बसवलेले होते खरे, परंतु ते लहान पुरवठा नौकांच्या धडकेचा विचार करून बसवले होते.

२७ जुलै २००५

आदल्याच दिवशी मुंबईवर अभूतपूर्व पाऊस कोसळला होता. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. २७ तारखेला तेलक्षेत्रात ‘समुद्र सुरक्षा’वरील एका स्वयंपाक्याच्या बोटांची टोके कापली गेली. त्याला उपचारांसाठी हलवणे आवश्यक होते, परंतु पावसामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हती. तेव्हा नौका ‘नॉर्थ’जवळ न्यावी, क्रेनच्या टोपलीतून त्याला वर घ्यावे आणि प्लॅटफॉर्मवरील वैद्यकीय सोयीचा लाभ द्यावा, असे ठरले.

नौका प्लॅटफॉर्मच्या ज्या बाजूला लागली ती वाऱ्याच्या तोंडाची बाजू होती. आडोशाच्या बाजूची क्रेन त्या वेळी चालू नव्हती. वाऱ्याच्या बाजूने लागण्याचा अर्थ साधा आहे. यंत्रात बिघाड झाला तर वारा आणि लाटा नौकेला प्लॅटफॉर्मपासून दूर न नेता त्याच्यावरच ढकलतात. जवळ येत असतानाच थ्रस्टरांच्या संगणकीय नियंत्रणात अडचण आली. तेव्हा वरवंडीची बाजू पुढे करून, हाताने नियंत्रण करीत नौका आणण्यात आली. जखमी स्वयंपाकी वर पोहोचला. त्यानंतर लाटांच्या रेट्याने नौका प्लॅटफॉर्मकडे सरकली आणि मागच्या बाजूचे हेलिपॅड रायझरवर आदळले. दुपारचे चार वाजून गेले होते.

फुटलेल्या रायझरमधून वायू सुटला आणि थोड्याच वेळात त्याने पेट घेतला. आगीची धग इतकी प्रचंड होती की शेजारचा निवासी प्लॅटफॉर्म, जवळच काम करणारी ‘नोबल चार्ली येस्टर’ ही रिग आणि स्वतः ‘समुद्र सुरक्षा’ हे सर्वच तिच्या कवेत आले. सुमारे दोन तासांत ‘नॉर्थ’ प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. प्लॅटफॉर्मच्या आठ लाईफबोटींपैकी दोनच आणि दहा लाईफ राफ्टांपैकी एकच पाण्यात सोडता आली.

त्या परिसरात ३८४ जण होते. खवळलेल्या समुद्रात आणि भर पावसाळ्यात आसपासच्या नौका, नौदल आणि तटरक्षक दल यांनी केलेल्या शोधकार्यामुळे ३६२ जण वाचले. मृत २२ जणांपैकी ११ जणांचे मृतदेह हाती लागले आणि ११ जण बेपत्ताच राहिले.

पेटलेली ‘समुद्र सुरक्षा’ सोडून कर्मचारी बाहेर पडले तेव्हा सहा पाणबुडे तिच्या दाबकोठड्यांत होते. दाब कमी केल्याशिवाय त्यांना बाहेर काढणे शक्य नव्हते. सुमारे ३६ तासांनंतर त्यांची सुखरूप सुटका झाली.

नौकेचा आजचा ठावठिकाणा

आग विझल्यानंतर नौका ओढून मुंबईकडे आणली जात होती. १ ऑगस्ट २००५ रोजी, किनारा सुमारे १८ किलोमीटरवर असताना, ती बुडाली. हीच तिची शेवटची नोंदलेली जागा. जहाजांच्या नोंदवह्यांत प्रत्येक नावापुढे एक स्थिती लिहिलेली असते : सेवेत, सेवेबाहेर उभे, मोडीत काढलेले किंवा पूर्ण नष्ट. ‘समुद्र सुरक्षा’ या शेवटच्या गटात मोडते. नकाशावर जहाजांचे चालते ठिपके दाखवणाऱ्या सेवांत तिचा ठिपका कधी दिसणार नाही. त्याच नावाची दुसरी एखादी नौका दिसली तर ती वेगळी समजावी, कारण जहाजांची नावे पुनःपुन्हा वापरली जातात.

सेवेत असलेली नौका कशी शोधावी

घरचा माणूस नौकेवर असलेल्या कुटुंबाने प्रथम नौकेच्या नावाबरोबर तिचा आयएमओ क्रमांक लिहून ठेवावा. हा सात अंकी क्रमांक जहाजाला जन्मभर चिकटलेला असतो. मालक बदलला, नाव बदलले, देशाचा झेंडा बदलला तरी क्रमांक बदलत नाही. तो बरोबर उतरवला आहे की नाही याची पडताळणी घरबसल्या करता येते. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३ आणि २ ने गुणावे आणि बेरीज करावी. बेरजेचा एकक अंक हाच क्रमांकाचा सातवा अंक असतो. उदाहरणार्थ, ९०७४७२९ या क्रमांकात ६३, ०, ३५, १६, २१ आणि ४ यांची बेरीज १३९ होते. शेवटचा अंक ९, म्हणून क्रमांक बरोबर. दुसरा नऊ अंकी क्रमांक जहाजाच्या रेडिओ यंत्रणेचा असतो. भारतीय नोंदणीच्या जहाजांचा हा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. झेंडा बदलला की मात्र हा बदलतो.

नौकेचे स्थान कळते ते एआयएस या स्वयंचलित ओळख यंत्रणेमुळे. नौका चालत असताना ही यंत्रणा दर काही सेकंदांनी आपले स्थान, वेग व दिशा प्रसारित करते. नांगरावर असताना हा संदेश दर तीन मिनिटांनी जातो. किनाऱ्यावरील केंद्रांचा पल्ला साधारण काही दशक सागरी मैलांचा असतो. त्यापलीकडे उपग्रहांवर विसंबावे लागते आणि तेथे संदेश उशिरा पोहोचतात. म्हणून मुंबई हायमधील नौकेचा ठिपका काही तास हलला नाही तर लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही. संदेशाची वेळ काय आहे हे आधी पाहावे.

यंत्रणेतील सगळीच माहिती आपोआप भरली जात नाही. स्थान व वेग उपकरण देते, पण पुढचे बंदर, पोहोचण्याची वेळ आणि नौकेचा पाण्यातला उतार हे नौकेवरचा अधिकारी हाताने भरतो. हे बदलायचे राहून गेले तर नौका मुंबईत असताना पडद्यावर जुनेच बंदर दिसत राहते. ‘हालचालीस मर्यादा’ अशी स्थिती दिसली तर नौका पाणबुड्यांचे किंवा वाहिनीचे काम करीत आहे, असा तिचा सर्वसाधारण अर्थ असतो. अशी नौका दिवसा गोल, चौकट व पुन्हा गोल अशी काळी चिन्हे एकाखाली एक लावते, आणि पाणबुडे पाण्यात असतील तर त्यांचा निशाणही दाखवते. प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षाक्षेत्र आखण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याने किनारी देशांना दिलेला आहे. इतर जहाजांनी आणि मासेमारी करणाऱ्यांनी या कक्षेत शिरू नये. पुरवठा नौकेला मात्र कामच तिथे असते.

समुद्रात संकट आले असल्याची खात्रीलायक बातमी मिळाली तर भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा निःशुल्क मदत क्रमांक उपलब्ध आहे.

दुर्घटनेनंतरचे बदल

भारतात समुद्रातील तेलकामांच्या सुरक्षिततेसाठी ‘पेट्रोलियम व नैसर्गिक वायू (समुद्रातील कामांची सुरक्षा) नियम, २००८’ लागू झाले. त्यांच्या अंमलबजावणीसाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालय हे सक्षम प्राधिकरण ठरवण्यात आले. मुंबई हायमध्ये कोसळलेल्या प्लॅटफॉर्मच्या जागी पुढे नवा प्रक्रिया प्लॅटफॉर्म उभा राहिला. जगभरच्या तेलउद्योगात या घटनेचा अभ्यास होतो, तेव्हा मुख्यत्वे चार प्रश्न विचारले जातात : रायझर नौका लागण्याच्या जागेपासून किती दूर आहेत, त्यांचे कठडे सर्वांत मोठ्या येणाऱ्या नौकेची धडक सोसतील का, वाऱ्याच्या बाजूने नौका लावण्याची परवानगी कोणत्या स्थितीत द्यावी आणि यंत्रणेत बिघाड दिसताच माघार घेण्याचा निर्णय कोणी करावा.

गोव्याशी या विषयाचा थेट संबंध आहे. दक्षिण गोव्यातील बेतूल येथे ओएनजीसीची पेट्रोलियम सुरक्षेचे शिक्षण देणारी संस्था अनेक वर्षांपासून चालते. त्याच आवारात उभारलेल्या समुद्र जीवरक्षण केंद्राचे उद्घाटन ६ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. दरवर्षी १० ते १५ हजार जणांना प्रशिक्षण देण्याचे या केंद्राचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे. कृत्रिम लाटा व वादळी हवामान निर्माण करून पाण्यात कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसे पडावे, लाईफ राफ्ट कसा सोडावा व उलटला तर सरळ कसा करावा, याचा सराव अशा केंद्रांत करून घेतात.

त्या सरावाची गरज किती खरी आहे, हे मे २०२१ मध्ये पुन्हा दिसले. तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हे निवासी बार्ज बुडाले आणि ‘वरप्रदा’ ही नांगर हाताळणारी टगही गेली. बार्जवर २६१ आणि टगवर १३ जण होते. एकूण १८८ जण वाचले, ८६ जण मृत्युमुखी पडले. टगवरचे केवळ दोघे परतले. वादळाचा इशारा आधीच मिळालेला होता.

२००५ मध्ये धोका रायझरजवळच्या शंभर मीटर नौकेत होता, २०२१ मध्ये तो वादळाच्या वाटेवर थांबलेल्या बार्जमध्ये होता. दोन्ही वेळी आवश्यक माहिती कागदावर आधीपासून होती. म्हणून समुद्रावर नव्याने कामाला निघालेल्या तरुणाने पगाराच्या आकड्याबरोबर चार गोष्टी विचारून घ्याव्यात : नौकेचा आयएमओ क्रमांक, तिचे वय, जागेवर उभे राहण्याच्या यंत्रणेचा वर्ग आणि वादळाचा इशारा आल्यावर काम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे. पहिल्या तिन्हींची उत्तरे जहाजाच्या कागदपत्रांत असतात. चौथ्याचे उत्तर कप्तानाकडून ऐकावे आणि नौकेवर पाय ठेवण्यापूर्वी ऐकावे.